अक्कांची बावीस गाणी

मिहीर आणि रेवा,

परवा फोनवर मिहीर म्हणाला, "आजी, लॅपटॉप फार स्लो झालाय. व्हायरस असणार. रविवारी फॉरमॅट मारून टाकतो." मी "थांब" म्हटलं आणि विषय बदलला, कारण फोनवर सगळं सांगता येत नव्हतं. ते आता लिहिते आहे. रविवारच्या आत वाचा.

तुम्हाला माहीत आहे की इथे धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळली. रिटायर झाल्यावरही लोक आपापली मशीन घेऊन घरी येत राहिले. तसेच एका जून महिन्यात साक्रीकडच्या एका गावातले नाना आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. एसटीने आले होते. एका हातात गोधडीत गुंडाळलेला कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य डबा. दुसऱ्या हाताने त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, धरलं होतं. अक्कांना सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, वाचाही गेली. त्यांना धुळ्यात डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून मशीनही सोबत आणलं.

"चालू व्हायला वीस मिनिटं घेतो," नाना म्हणाले. "मग मध्येच बंद. आमच्याकडचा दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट करा."

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. मी विचारलं, "आत काय आहे?"

नानांनी अक्कांकडे पाहिलं. "हिची गाणी. कानबाईची."

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. सगळी भावकी एका घरी जमते, नैवेद्याला गव्हाचे जाड रोट होतात, बायका रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी देवीला नदीवर पोचवतात. नानांच्या भावकीत सगळी गाणी क्रमाने येणाऱ्या अक्का एकट्याच होत्या. बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. नानांनी दोन वर्षं माइकसमोर बसवून त्यांच्याकडून बावीस गाणी रेकॉर्ड केली. नंतर झटका आला.

"कॉपी आहे का? पेन ड्राइव्हवर?"

"पेन ड्राइव्हनेच व्हायरस येतो म्हणे. म्हणून कधी लावलाच नाही. इंटरनेटसुद्धा घेतलं नाही." मग आवाज उतरला आणि ते घरच्या बोलीत आले. "मॅडम, बठ्ठं जाई का? अक्काना आवाज त्यामाच शे."

"काही नाही जाणार," मी म्हणाले. असं आधीच म्हणू नये.

बाहेरून काही आत येऊच दिलं नव्हतं, तर व्हायरस आला कुठून? हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. मी विचारला नाही. दुकानदाराने म्हटलं, नानांनी म्हटलं, मीही धरून चालले.

गोधडी सोडली. कॅबिनेटच्या माथ्यावर हळदकुंकू, अक्षता, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. दसऱ्याला लॅबमध्येही मशीनची पूजा व्हायची, त्यामुळे नवल वाटलं नाही. मी ओलं फडकं आणलं आणि सगळं स्वच्छ पुसून काढलं. माझ्या टेबलावर घाण चालत नाही, हे तुम्ही जाणताच.

मशीन चालू केलं. खरंच वीस मिनिटं लागली. आता नियम असा आहे की आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्यायचा, मग दुरुस्तीला हात लावायचा. लॅबच्या भिंतीवर मीच तो लिहून लावला होता. पण व्हायरस माझ्या डिस्कवर येईल अशी भीती वाटली. म्हणून आधी अँटीव्हायरसची सीडी घालून पूर्ण स्कॅन लावला. स्कॅन म्हणजे प्रत्येक फाइल उघडून तपासणं. हार्ड डिस्कला, म्हणजे सगळं साठवलेलं असतं त्या भागाला, तेव्हा क्षणाची उसंत नसते.

जूनची दुपार. पंखा गरम वारा फेकत होता. अक्का खुर्ची ओढून मशीनला खेटून बसल्या. तासाभराने त्यांनी डावा तळवा कॅबिनेटवर ठेवला आणि झटकन उचलला. माझ्याकडे बघून "अं, अं" केलं.

"अक्का, हात लावू नका. शॉक बसेल."

त्यांनी पुन्हा हात लावला, पुन्हा उचलला. या खेपेला माझा हात धरून ओढला.

"राहू द्या मॅडम," नाना म्हणाले. "तिला त्याच्याजवळच बसायचं असतं."

मी हात सोडवून घेतला आणि चहा टाकायला आत गेले. चहा उकळत असताना बाहेरून टक, टक, टक असा आवाज आला. बिघडत्या हार्ड डिस्कचा हा आवाज मी ओळखते. बाहेर पोचेपर्यंत स्क्रीन काळा झाला होता. कॅबिनेटला हात लावला तर चटका बसला.

अक्का मला हेच सांगत होत्या.

स्क्रू काढून आत पाहिलं. प्रोसेसरवर, म्हणजे मशीनच्या मेंदूवर, एक छोटा पंखा असतो, त्याला गार ठेवणारा. त्याच्या पात्यांवर कुंकू, तेल आणि उदबत्तीच्या राखेचा जाड लेप बसला होता. कडेला तांदळाचे दाणे अडकले होते. पंखा बोटानेही फिरत नव्हता. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो, आणि फारच तापला की बंद पडतो. एवढंच झालं होतं. व्हायरस नव्हताच.

"पूजा कोण करतं?" मी विचारलं.

"अक्का. दर शुक्रवारी." नाना पंख्याकडे बघत होते. "आजारी पडल्यावर सुरू केली. डाव्या हाताने. वर भोकं आहेत ना, त्यात उदबत्ती नीट उभी राहते. मी काय बोलणार? तिचा आवाज आहे त्यात."

मी माझी चूक त्यांना सांगितली. पूजेच्या खुणा मीच पुसल्या होत्या, आणि तापलेल्या डिस्कला कॉपी न घेता तासभर पळवलं होतं. आता ती बिघडली होती.

नानांनी पंख्याच्या कडेला अडकलेला एक तांदळाचा दाणा नखाने काढला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना सांगत होतो मॅडम. आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा."

मी मशीनची वायर काढून ठेवली.

त्या दिवशी मशीनला पुन्हा हात लावला नाही. ते दोघं आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात डिस्क बाहेर काढून केबलने माझ्या कॉम्प्युटरला जोडली. फाइली दिसल्या. पण अशी डिस्क किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो. म्हणून एकेकच गाणं उतरवायचं ठरवलं, सगळ्यात गरजेचं आधी.

"कानबाई येते ते पहिलं घ्या," नाना म्हणाले. "सुरुवात तीच."

अक्कांनी जोरात नकारार्थी मान हलवली.

"मग अक्का, पह्यले कोनतं लेऊ? सांग."

नाना एकेका गाण्याचा पहिला शब्द म्हणत गेले. देवीला पोचवायच्या गाण्याशी अक्कांनी डावा हात वर केला. नाना चमकले, मग त्यांच्या लक्षात आलं. कानबाई येते ते गाणं सगळ्याच बायकांना येतं. पोचवायचं गाणं सगळ्यात लांब. ते अक्कांशिवाय कुणालाच पुरतं येत नव्हतं.

त्या सांगतील त्या क्रमाने आम्ही उतरवत गेलो. एक झालं की अक्का पुढच्यासाठी हात वर करायच्या. सोळा गाणी आली. सतरावं अर्ध्यावर आलं आणि टकटक सुरू झाली. त्यानंतर डिस्क उघडली नाही. पुढे ती बाहेरगावच्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेही पाठवली. त्यानेही हात टेकले. पाच गाणी गेली.

जाताना अक्कांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो आशीर्वाद घेववला नाही.

त्या श्रावणात नानांचा फोन आला. स्पीकरवर गाणी लावली, बायका मागून म्हणाल्या. आता सुनांनी बरीच पाठ केली आहेत. अर्ध्या गाण्यापाशी मात्र रेकॉर्डिंग थांबतं. तिथून पुढे अक्का गुणगुणतात. शब्द नाहीत, चाल आहे. शुक्रवारची पूजा अजून होते, पण उदबत्तीसाठी नानांनी नव्या मशीनपासून दूर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाट मांडून दिला आहे.

तेव्हा मिहीर, रविवारी आधी कॉपी घे. मग लॅपटॉपच्या पोटाला हात लावून बघ. व्हायरसचं नंतर पाहू.

अक्कांची सोळा पूर्ण गाणी आणि एक अर्धं आज तीन ठिकाणी आहेत. नानांच्या नव्या मशीनमध्ये, जळगावला त्यांच्या लेकीकडे, आणि माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात.