फायदेवाल्यांचं भाषण

कॉलेजच्या सभागृहात ते यायचे तेच मुळी उशिरा, आणि तेही मुद्दाम. आधी एक लोखंडी ट्रंक यायची. दोन शिपाई ती दोन्ही कड्यांना धरून आणायचे, मंचावरच्या टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे. मग बराच वेळ काहीच घडायचं नाही. पोरं ट्रंकेकडे बघत बसायची, कुजबुजायची, एखादा शिट्टी मारायचा. ती कुजबुज जरा चढली, की मागच्या दारातून, थेट प्रेक्षकांमधून, खळ घातलेल्या कडक गणवेशातला एक ठेंगणा, पोट किंचित सुटलेला माणूस चालत यायचा आणि चालता चालताच पहिलं वाक्य टाकायचा.

"पदवीचं सर्टिफिकेट घरी फ्रेम करून लावलंय ना? त्या फ्रेमला जेवढे पैसे पडले, तेवढे तरी त्या पदवीनं मिळवून दिले का?"

हशा पिकायचा. मंचावर चढेपर्यंत सगळं सभागृह त्यांच्या खिशात असायचं.

सैन्याच्या भरती कचेरीत त्यांना रीतसर हुद्दा होता, पण त्या हुद्द्यानं त्यांना कोणी हाक मारल्याचं कोणाला आठवत नाही. ते फायदेवाले. पदवी घेऊन सैन्यात गेलात तर काय काय मिळतं हे सांगायचं त्यांचं काम, आणि ते काम त्यांच्यासारखं कोणाला जमायचं नाही. मूळचा हा गडी कोठारातला. नव्या शिपायांना बूट वाटायचा. एकदा भाषण करणाऱ्या साहेबांचा घसा बसला आणि 'तूच काहीतरी बोल' म्हणून याला पुढे ढकललं. हातात बुटांचा जोड होता. हा बुटांवरच बोलत सुटला. त्या दिवशी सही करायला रांग लागली, आणि कोठाराचं दार त्यांच्यासाठी कायमचं बंद झालं.

ट्रंकेतून पहिले निघायचे ते बूटच. "दुकानात किंमत विचारून या. तुम्हाला फुकट. झिजले की दुसरे, तेही फुकट. तुमच्या वडिलांनी कधी असे बूट घेतले होते तुम्हाला? नसतील घेतले तर घरी बोलू नका, मन दुखेल त्यांचं." मग किल्ली. "दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर, भाडं शून्य. घरमालक नाही, म्हणजे घरमालकाची बायकोही नाही." मग दवाखान्याचं कार्ड. "या कार्डावर माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले. आता त्या माझ्यापेक्षा जोरात चालतात. आणि चालतात कुठे? माझ्याच घराकडे!"

सगळ्यात शेवटी, ट्रंकेतून नव्हे, स्वतःच्या छातीवरच्या खिशातून ते एक लहानशी कापडी पट्टी काढायचे. आवाज खाली यायचा. "ही खांद्यावर लागते. नुसता शाळा शिकलेला पोरगा इथपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं घाम गाळतो. तुम्ही पदवी घेऊन आलात, की पहिल्याच दिवशी. पगार दीडपट. हाताखाली आठ माणसं. पुढं शिकायचं म्हणालात तर फी सरकार भरणार, आणि निवृत्त झालात तर मरेपर्यंत पेन्शन." एवढं बोलून ते थांबायचे. पट्टी उजेडात धरायचे. टाळी तिथे पडायची.

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि फायदेवाल्यांना याचाच मोठा अभिमान. बाजारात साबण विकणारासुद्धा चार थापा मारतो, म्हणायचे, मी आजवर एक मारली नाही.

त्यांच्या घरी मागच्या खोलीत त्यांचा मेहुणा राहायचा. बायकोचा धाकटा भाऊ. घरात पहिला पदवीधर तो, आणि भाषणाचा पहिला श्रोताही तोच. भाषण तेव्हा नवं होतं. फायदेवाल्यांनी बूट, किल्ली, कार्ड जेवायच्या टेबलावर मांडून म्हणून दाखवलं होतं, गंमत म्हणून. पोरगा हसला, म्हणाला, "दाजी, तुम्ही तर मलाच विकाल!" आणि पुढच्या महिन्यात जाऊन सही करून आला. त्याला सगळं मिळालं. पट्टी पहिल्या दिवशी मिळाली. पगार दीडपट मिळाला. दोन वर्षांनी आजारी ठरवून त्याला घरी पाठवलं, तेव्हा पेन्शनही लागू झाली होती.

अंगावर ओरखडा नव्हता. फक्त एक खोड लागली होती. घरातून कोणीही बाहेर निघालं, की हा आधी. दूध आणायला जायचं असो की कचरा टाकायला, तो चप्पल घालून पुढे व्हायचा, जिना उतरायचा, रस्त्याच्या दोन्ही बाजू बघायचा, खालून हात करायचा, आणि मग बाकीच्यांनी उतरायचं. कोणी चुकून त्याच्याआधी उंबरठा ओलांडला तर तो तिथेच खाली बसायचा, दिवसभर उठायचा नाही. घराला सवय झाली होती. बाहेर पडण्याआधी जो तो मागच्या खोलीचं दार वाजवायचा. "मामा, निघते हं," असं ओरडतच मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली.

मुलगी एकुलती एक. भाषणाची तालीम तिच्यासमोर व्हायची. बाप आरशासमोर उभा आणि ही पलंगावर मांडी घालून. शब्द अडला की ती पुरवायची. "बाबा, पट्टीनंतर लगेच बोलू नका. थांबा जरा. लोकांना बघू द्या," हे तिनंच सुचवलेलं, दहा-बारा वर्षांची असताना. फायदेवाल्यांनी तिला उचलून गरगर फिरवलं होतं त्या दिवशी. आई मात्र गणवेशाला खळ घालता घालता म्हणाली होती, "पोरीला काय शिकवताय ते बघा जरा." फायदेवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं. तालमीला प्रेक्षक लागतो, आणि घरात दुसरा होता कोण?

मुलगी पदवीधर झाली आणि कुरिअरच्या ऑफिसात फोन उचलायला बसली. दिवसभर परक्यांच्या शिव्या. "मॅडम, माझं पार्सल कुठं मेलं?" पगार असा, की महिन्याची वीस तारीख आली की बापाकडे बसभाडं मागायचं. एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली, चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"बाबा, मी अर्ज भरलाय."

"कसला गं?"

"कसला म्हणजे? तुमचाच."

आईच्या हातातली इस्त्री थांबली. कापडातून वाफ येत राहिली.

"डोकं ठिकाणावर आहे का?" आई म्हणाली. "मागच्या खोलीत काय बसलंय ते दिसत नाही तुला?"

"मामासारखं सगळ्यांचं होत नाही, आई. इतकी माणसं जातात, नोकरी करतात, घरं घेतात, सुखानं म्हातारी होतात. बाबांनाच विचार."

फायदेवाले खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. "हे बघ बाळ, नुसत्या पगारावर जाऊ नये माणसानं."

"मग कशावर जायचं? बूट, किल्ली, कार्ड, पट्टी. मला झोपेत म्हणायला सांगा."

"त्यात एक गोष्ट सांगायची राहते."

"राहते? इतक्या वर्षांत एकदाही आठवली नाही?" ती हसली, पण चांगलं हसली नाही. "की ती फक्त घरच्यांसाठी राखून ठेवलीय? दुसऱ्यांची पोरं गेलेली चालतात?"

फायदेवाल्यांना हजार माणसांसमोर कधी शब्द कमी पडला नव्हता. आता तो पुरवायलाही कोणी नव्हतं.

"बाबा, एकच सांगा. भाषण खोटं आहे का?"

"एक शब्द खोटा नाही."

"मग झालं तर. शनिवारी माझ्याच कॉलेजात आहे ना तुमचा कार्यक्रम? तिथंच सही करते. तुमच्या डोळ्यांदेखत. शान वाढेल तुमची."

ती आत गेल्यावर बायकोनं इस्त्री उभी केली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "ज्या तोंडानं माझा भाऊ नेलात ना, त्याच तोंडानं आता माझी पोरगी थांबवा. मी तुमच्याकडं आयुष्यात काही मागितलं नाही."

शनिवार. ट्रंक आली, शिपाई गेले, कुजबुज झाली. फायदेवाले मागच्या दारातून आले, फ्रेमचा विनोद झाला, हशाही झाला. तिसऱ्या रांगेत त्यांची लेक बसली होती, मैत्रिणींच्या मधोमध, ताठ. बाजूच्या टेबलाशी भरती कचेरीतला तरुण कॅप्टन कोरे अर्ज नीट लावत होता. बूट झाले. किल्ली झाली. सासूबाईंचे गुडघे झाले. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली, उजेडात धरली, आणि टाळी पडायच्या आतच बोलले.

"टाळ्या नकोत. आज एक गोष्ट जास्तीची सांगतो. या पट्टीचा पगार दीडपट का, हे तुम्ही विचारत नाही. मीही कधी सांगितलं नाही. बूट पायासाठी असतात, किल्ली घरासाठी. ही पट्टी कशासाठी? तर तुम्ही शिकलेले, म्हणून कोणाला पुढं पाठवायचं ते तुम्ही ठरवायचं. सरकार त्याचे पैसे देतं.

"माझा मेहुणा तुमच्यासारखाच. पदवीधर, हसरा, गळा गोड. माझंच भाषण ऐकून गेला. एक वाट होती. त्यानं तीन जणांना सांगितलं, तुम्ही पुढं व्हा. त्याच्याहून लहान पोरं. 'हो साहेब' म्हणाली आणि गेली. तिघंही परत आली नाहीत. चूक झाली नव्हती, चौकशीत तसं लिहून आलं. त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. पेन्शन आजही पहिल्या तारखेला येते, एक दिवस चुकत नाही. पण आता आमच्या घरात तो कोणालाही पुढं जाऊ देत नाही. माझी बायको दूध आणायला निघाली तरी आधी तो जातो. रस्ता बघतो. मग हात करतो. असं रोज. माझी पोरगी अशाच घरात वाढली.

"तर हा हिशेब मी आजवर सांगितला नव्हता. आता माझं ऐका. उठा आणि घरी जा."

पट्टी त्यांनी परत खिशात ठेवली. फायदेवाल्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. लेकीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांना वाटलं, जमलं. देवा, जमलं.

मग मागून कोणीतरी एक टाळी वाजवली. दुसरी पडली. आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. असा कडकडाट त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. पोरं टाळ्या वाजवत होती, डोळे पुसत होती, आणि टाळ्या वाजवत वाजवतच अर्जांच्या टेबलाकडे सरकत होती.

"अरे, मी घरी जा म्हणालो!" ते ओरडले. कोणाच्या कानावर गेलं नाही.

एक उंच पोरगा मंचापाशी आला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, आजवर इतकं खरं आमच्याशी कोणीच बोललं नव्हतं. कॉलेजवाले खोटं बोलतात, कंपनीवाले खोटं बोलतात. तुम्ही वाईटातलं वाईटही सांगितलंत. म्हणून भरवसा बसला बघा." आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.

लेकीचा नंबर आला तेव्हा फायदेवाले टेबलापाशी पोचले होते. त्यांनी तिचं मनगट धरलं. तिनं हलकेच सोडवून घेतलं.

"बाबा, मला वाटायचं तुम्ही नुसते विकता. आज पहिल्यांदा तुमची मुलगी असल्याचा अभिमान वाटला."

"म्हणून सही करतेस?"

"माणसं पुढं पाठवायची अशी वेळ आलीच, तर ती मामासारख्यानं पाठवावी. ज्याला त्याचं काही वाटतं अशानं. नाहीतर कोणीही पाठवेल." तिनं सही केली. अक्षर बापासारखंच, गोल आणि ठसठशीत.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उभे राहिले होते का लोक?" त्यांनी मान हलवली. ती उठून भावाला चहा द्यायला गेली. लेक प्रशिक्षणाला गेली त्यानंतरही ती गणवेशाला खळ घालत राहिली, न चुकता, पण त्या घरात पुन्हा कधी तालीम झाली नाही.

सोमवारी कॅप्टननं त्यांना बोलावलं. फायदेवाले ताठ उभे राहिले. शिक्षा होईल, कोठारात परत पाठवतील, पाठवोत, असं म्हणतच ते आले होते.

"बसा," कॅप्टन म्हणाला. "काय बोललात हो परवा! माझ्या अंगावर काटा आला. एका दिवसात एवढ्या सह्या या कचेरीनं पाहिलेल्या नाहीत. वरून फोन होता. ते मेहुण्याचं तसंच ठेवा, दर कार्यक्रमात. फक्त ते 'घरी जा' तेवढं काढा. शेवट जरा उतरल्यासारखा वाटतो."

निवृत्तीला त्यांची चार वर्षं उरली होती, आणि पेन्शन पूर्ण नोकरीवर ठरते. हे त्यांच्याइतकं चांगलं कोणाला माहीत होतं?

पुढच्या गावी, पुढच्या कॉलेजात, ट्रंक आली, बूट झाले, किल्ली झाली, गुडघे झाले. मेहुण्याचं सांगताना पहिल्या वेळी त्यांचा आवाज खरोखर फुटला. दुसऱ्या कॉलेजात तो जरासा कमी फुटला, आणि समोरची एक रांग चुळबुळली. ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं. एवढ्या वर्षांचा अनुभव कुठे जातो? तिसऱ्या कॉलेजात 'तिघंही परत आली नाहीत' या वाक्यापाशी ते आपोआप थांबले. सभागृह श्वास रोखून बसलं होतं. अजून एक क्षण ताणता येईल, असं त्यांना वाटलं.

त्यांनी ताणला.