पॅरिसचा कॅबरे आणि आईचा फड

पॅरिसला गेलं की तो जुना, नावाजलेला कॅबरे बघायचाच, हे इथल्या, आखातातल्या आमच्या अल बर्शा वस्तीतल्या मित्रमंडळींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गेलो. मखमली खुर्च्या, लाल दिवे, बायकांच्या अंगावर पिसं आणि बाकी फारसं काही नाही. नवऱ्याने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. परतताना विमानात म्हणाला, "यांनी हेरिटेज कसं जपलंय बघ." माझी आई उभी हयात तमाशाच्या फडावर नाचली, तीही अंगभर नऊवारीत. आणि आमचं लग्न ठरल्यापासून हा माणूस ती शिक्षिका होती म्हणून सांगत आलाय.

पुढच्याच महिन्यात आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली. पॅरिसला बरोबर असलेलं एक जोडपं तिला भेटायला म्हणून जेवायला आलं. पुन्हा तेच फोटो, तेच कौतुक. कुठे चावटपणा म्हणून नाही, प्युअर आर्ट, असं वहिनींचं मत पडलं. मग त्यांनी आईला विचारलं, शाळेत कुठला विषय शिकवायच्या? नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"भूगोल," आई म्हणाली. "सगळा महाराष्ट्र पायाखाली घातलाय मी."

सगळे हसले. नवरा तर जीव भांड्यात पडल्यासारखा हसला, आणि त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

"आई तमाशात नाचायची," मी म्हणाले. "लोक गाड्या जुंपून यायचे तिला बघायला."

वहिनींनी उगाचच ओढणी सावरली. भावजींना एकाएकी उद्याचं ऑफिस आठवलं. "यल्ला, निघू या," म्हणत ते उठले. खीर वाटायची राहूनच गेली. नवरा त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला, माझ्याकडे न बघता.

तिथे हीच माणसं उभी राहून टाळ्या पिटत होती, मी आईला म्हणाले. रागाने माझा आवाज चिरकला होता.

"तिथली बाई स्टेजवर होती, पोरी," आई म्हणाली. "मी त्यांच्या पंगतीला बसले होते."

आणि तिने स्वतःच्या हाताने खीर वाढून घेतली. त्या दोघांपेक्षा, नवऱ्यापेक्षाही मला त्या क्षणी तिचा राग आला. इतकं अंगवळणी पडलं होतं तिला.