फोनने आत्याला नाव विचारलं

फोनच्या नव्या अपडेटबद्दल नातेवाइकांच्या तक्रारी मी वहीत लिहून घेत होते: अक्षरं बारीक झाली, बटणं हलली. संध्याकाळपर्यंत एकेकाला समजावून थकले. तेवढ्यात तिरुवैयारू गावची आत्या दारात उभी. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बसने एकटीच आलेली.

डॉक्टरकडे मी सोबत यावं म्हणून तिने तीनदा फोन केला होता. पण नव्या अपडेटनंतर, अनोळखी नंबर म्हणून माझ्या फोननेच तिला परस्पर नाव आणि काम विचारलं होतं, आणि तिने दरवेळी फोन ठेवून दिला होता.

“वॉचमन ठेवलास काय गं? भाचीशी बोलायला मी नाव सांगू?”

तिचा नवा नंबर साठवायचं काम महिनाभर वहीतच पडून होतं. मी पाणी दिलं.

“आधी नंबर घाल.” तिने पेला बाजूला ठेवला.

घातला आणि फोन तिच्यासमोर धरला.

“दिसत नाही. वाच.”

“आत्या,” मी वाचलं. मग ती पाणी प्यायली.