साडूंचं बोट आणि जिन्यातला खांब

गुळगुळीत वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या साडूंनी नेमकं कधी ठरवलं ते मला ठाऊक नाही. पण खरबरीतपणाचा त्यांच्याएवढा कट्टर भक्त अख्ख्या संभाजीनगरात सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. वाळूजच्या एका कारखान्यात लोखंडी चकत्यांवर रबर चिकटवतात. त्याआधी चकतीवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून ती खरबरीत करावी लागते. ती पुरेशी खरबरीत झाली की नाही, हे डोळे मिटून, बोट फिरवून सांगणं ही साडूंची नोकरी. मध्यंतरी कंपनीने त्यासाठी यंत्र आणलं. तर आता ते यंत्र बरोबर चाललंय का, हे तपासायला साडूंचं बोट बोलावतात. असं साडू सांगतात. दुसऱ्या कुणाकडून मी अजून ऐकलेलं नाही.

आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी त्यांचा हात भिंतीला लागतो. "दोन जिन्नस चिकटत्यात म्हंजी काय होतं, साडूभाऊ?" असं त्यांनी विचारलं की चहा गार होणार, हे मी ओळखतो. "ह्याच्या खाचंत ते जाऊन बसतं. खाच नाय तर पकड नाय. पण लई खोल बी नको. तळाला हवा राहिली की तिथूनच सुटाया लागतं." मी एकदा सहज म्हणालो, मग गंजलेलं लोखंड काय वाईट, आयतंच खरबरीत असतं! मी देवघरात थुंकलो असतो तरी त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नसतं. "गंज खोटा असतोय. त्याच्यावर काय बी लावा, त्यो सोता सुटतोय अन् वरच्याला बी घेऊन येतोय." त्या दिवशी जेवताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

माझ्या बायकोने हौसेने नॉनस्टिक तवा आणला. साडूंनी तो उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्याला काय बी चिकटत नाय म्हणता, मंग हा काळा थर तव्याला कसा चिकटला?" खालचा पत्रा खरबरीत केल्याशिवाय तो थर बसतच नाही, हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही. उलथन्याने थर खरवडून खालचा पत्रा दाखवला, तेव्हा कुठे झालं. मेव्हण्याने नवी गाडी घेतली, तेव्हा तर पेढे वाटून व्हायच्या आत यांनी मागच्या दारावर ब्लेडने बारीक चौकडी आखली, वर चिकटपट्टी दाबली आणि खसकन ओढली. रंगाचा कपचाही निघाला नाही. "पास!" म्हणत यांनी हात पुढे केला. मेव्हण्याने तो हात आजतागायत हातात घेतलेला नाही. बजाजनगरात साडूंच्या गल्लीत पाट्याला टाकी लावून देणारी एक बाई येते. झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर ती छिन्नीने ठिपके पाडत असते आणि हे गृहस्थ समोर उकिडवे बसून असतात. शहाणी म्हणावी अशी बाई जगात ही एवढीच, असं ते स्वतःच्या बायकोसमोर सांगतात.

यंदा आम्ही गारखेड्यातल्या घरावर मजला चढवला. सून घरात यायच्या आत काम उरकायचं होतं. विटांच्या भिंतीवर गिलावा धरतो; काँक्रीटचे खांब मात्र गुळगुळीत, त्यांना छिन्नीने टाचे मारून खरबरीत करावं लागतं, नाहीतर पुढे गिलावा पोकळ होऊन सुटतो. साडूंनी मिस्त्रीला वीतभर जागेत किती टाचे हवेत ते स्वतः मारून दाखवले. मिस्त्री रोज सकाळी धास्तावून विचारायचा, "साहेब, वो पाव्हने आज आनेवाले क्या?" लग्न तोंडावर आलं, तसा मीही वैतागलो. मिस्त्रीला म्हटलं, दर्शनी खांबांना मारा टाचे, जिन्यातले राहू द्या. तिथल्या अंधारात कोण बघतंय!

त्याच संध्याकाळी साडू बायकोला घेऊन आले आणि नेमके जिन्यातच थांबले. डोळे मिटले, बोट खांबावर ठेवलं. वरून खाली, खालून वर. खांब काचेसारखा गुळगुळीत.

"हां! असं पाहिजे," साडू म्हणाले. "आता धरंल."

मला हसू आवरेना. एवढं गाजवलेलं बोट अखेर फसलं होतं! मेव्हण्याला फोन करून ही बातमी सांगायची, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

मग चहा आला. स्टीलचे पेले इतके तापलेले की मी माझा रुमालात धरला. साडूंनी मात्र आपला सरळ मुठीत घेतला आणि बोलत राहिले. थोरली मेव्हणी लगबगीने उठली, त्यांच्या हातातून पेला काढून घेतला आणि खाली ठेवला. आत स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "डायबिटीसनं बोटांतलं समदं गेलंय. परवा हात भाजला, कातडी निघाली तरी कळलं नाय. कुठं बोलू नका भाऊजी. नोकरीची दोन वर्सं राहिलीत."

मी मेव्हण्याला फोन केला नाही. मला माझीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला जिन्यातल्या खांबांशी उभं केलं आणि तो टाचे मारेपर्यंत तिथून हललो नाही. अर्ध्यात साडूंचा फोन आला. एरवी फोनवर ओरडून बोलणारा हा माणूस, पण आज आवाज पार खाली गेलेला.

"साडूभाऊ, त्यो जिन्यातला खांब... मी काल बरूबर हाय म्हणलो. तुमी डोळ्यानं बघितलंय ना?"

"बघितलंय की," मी म्हणालो. "कालच मारलेत टाचे."

माझ्या मागे छिन्नीचा ठक ठक आवाज चालूच होता. त्यांना तो ऐकू गेल्याशिवाय राहिला नसणार.

मग म्हणाले, "त्याला म्हणावं, जरा दाट मार."