तापाने उतरवलेलं वजन

"सलाईनची बाटली हातात द्या मॅडम. गाडीतच लावू, पण वजन झाल्यावर. आत्ता लावली तर गट चुकंल."

बोलत होते बाळूआप्पा, कारेगावच्या कबड्डी संघाचे मॅनेजर. त्यांचा मुख्य रेडर सूरज माझ्या शिरूरच्या क्लिनिकमध्ये टेबलावर आडवा होता. छातीला ईसीजीच्या तारा. संध्याकाळी दौंडजवळ पासष्ट किलो गटाची स्पर्धा होती. काट्यावर वजन पासष्टच्या वर गेलं की खेळाडू बाद.

सूरज एरवी अडुसष्टचा. आठवड्यापूर्वी ताप-खोकल्याने अंथरूण धरलं आणि वजन झरझर उतरलं. संघ खूश.

"तापानं कामच केलं," आप्पा म्हणाले. "न्हाईतर पोराला उपाशी ठेवावं लागतं. आता दोनशे ग्रॅमचा प्रश्न हाय फक्त."

ते दोनशे ग्रॅम माझ्याच काट्यावर मोजून झाले होते. आल्या आल्या सूरज आधी काट्यावर चढला, मग माझ्यासमोर बसला. तोही आप्पांनी आणला म्हणून. आदल्या दिवशी सरावात तिसऱ्या रेडनंतर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

ताप नव्हता. ऑक्सिजन ठीक, फुप्फुसंही जवळपास स्वच्छ. पण नाडी एकशे आठ. अशा खेळाडूची नाडी पडल्या पडल्या साठच्या आसपास हवी.

"आडवं झाल्यावर काय होतं?"

"छाती भरून येती. उठून बसलं की बरं वाटतं."

ईसीजीची पट्टी मला आवडली नाही. सर्दी-तापाचा व्हायरस कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो आणि तिथे सूज येते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. असं हृदय घरी पडून असलेल्या माणसाला सांभाळून नेतं. त्याला जोरात पळवलं, तर ठोका बिघडतो आणि एखाद्या वेळी थांबतोही. ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रोटीन रक्तात वाढतं.

"रिपोर्ट येईपर्यंत इथंच थांबायचं. आज खेळायचं नाही."

सूरज उठून बसला. तारा स्वतःच काढायला लागला.

"मॅडम, आज मी कामाला आहे त्या कंपनीच्या टीमचे साहेब बघायला येणारेत. त्यांनी निवडलं तर परमनंट. तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढलीत मी."

"आणि मॅटवर पडलास तर?"

"पाणी मारू की तोंडावर," आप्पा म्हणाले.

"बंद पडलेलं हृदय पाण्याने चालू होत नाही, आप्पा."

तोवर सूरज बूट घालून दारात पोचलाही होता. "एवढी एक मॅच, मग तुम्ही म्हणाल तसं," असं दारातूनच म्हणाला. आप्पा त्याच्यामागे गेले. मोठ्या माणसाला टेबलाला बांधून ठेवता येत नाही.

थोड्या वेळाने रिपोर्ट आला. ट्रोपोनिन बरंच वाढलेलं.

सूरजचा फोन बंद. आप्पांचा वाजत राहिला. चौथ्यांदा उचलला.

"गाडी चालवतोय मॅडम. न्हावरा मागं पडलं."

"सूरज काय करतोय?"

"मागं बसलाय. रेनकोट घालून."

"रेनकोट?"

"घाम काढायला. काचा बंद, हीटर फुल. दोनशे ग्रॅम जातील."

माझं डोकं फिरलं. "हीटर बंद करा! आत्ता! काचा उघडा, रेनकोट काढा त्याचा. रिपोर्ट खराब आहे, आप्पा. सूज हृदयाला आहे."

मागून सूरजचा आवाज. "आप्पा, ऐकू नगा. फोन ठेवा."

"त्याला पाणी द्या. चौफुल्याला हायवे लागेल. डावीकडे दौंड, उजवीकडे पुणे. उजवीकडे वळा. मी हॉस्पिटलला फोन करून ठेवते. वाटेत शुद्ध गेली तर दिसेल त्या हॉस्पिटलात शिरा."

"संघ ग्राउंडवर पोचलाय मॅडम. रेडर न्हाई म्हटल्यावर..."

"हरेल. आणखी काय?"

फोन कट झाला. मी पुण्यातल्या कार्डिऑलॉजिस्टशी बोलले आणि पुढचे पेशंट तपासायला घेतले. एकाचं बीपी मला दोनदा घ्यावं लागलं. आकडा डोक्यात राहत नव्हता.

दीड तासाने आप्पांचा फोन आला. "वळलो बरं का उजवीकडं. लई शिव्या घातल्या पोरानं. आता वाघोलीच्या ट्रॅफिकमधी... न्हाई न्हाई, हडपसर. वाघोली नेहमीच्या रस्त्याला."

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात मॉनिटरवर सूरजचे ठोके बिघडलेले दिसले. पलंगावर, काहीही न करता. पण डॉक्टर बाजूलाच होते. इकोमध्ये हृदयाचं पंपिंग कमी निघालं.

सहा महिने पळणं बंद, जिम बंद, वजन कमी करायचे उद्योग बंद. त्यानंतर पुन्हा ईसीजी, इको, एमआरआय आणि चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचा रेकॉर्डर. सगळं ठीक आल्यावर आधी चालणं, मग हलकं पळणं, आणि अगदी शेवटी रेड. आता तो पंचाहत्तरच्या गटात पोटभर जेवून खेळतो.

त्या दिवशी साहेबांनी दुसऱ्या पोराला निवडलं. तो परमनंट झाला. सूरज अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि दर तपासणीला मला हे ऐकवतो. त्याचं म्हणणं, एक मॅच निघाली असती. असेलही. न झालेल्या मृत्यूचा रिपोर्ट कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही, त्यामुळे हा वाद मी जिंकणार नाही. खेळाडूंना मात्र सांगते: ताप उतरला म्हणजे हृदय सावरलं असं नाही. धाप, छातीत दुखणं, अंधारी यातलं काहीही असेल तर आधी तपासणी, मग मैदान.