देवळीच्या झेरॉक्स दुकानातलं लॅटिन पान

वर्ध्याच्या फलाटावर उतरले तेव्हा नऊच वाजले होते, पण मे महिन्याचं ऊन चटके द्यायला लागलं होतं. फोन सुरू केला, तर भाऊरावांचा निरोप: ‘म्याडम, अक्षरं पुसट होऊन राह्यली. तुम्ही येईपर्यंत पानाले लॅमिनेशन करून ठेवतो.’

मी तशीच बसस्टँडकडे धावले.

मी पुण्यात जुन्या हस्तलिखितांच्या जतनाचं काम करते. लॅटिनही त्याच नादानं शिकले. आठवड्यापूर्वी देवळीच्या भाऊरावांनी, एका निवृत्त शिक्षकांनी, मला एका पानाचा फोटो पाठवला होता. त्यांच्या दिवंगत आईच्या पेटीत ते सापडलं होतं. एका परदेशी बाईंनी मायदेशी परतताना ते तिला दिलं होतं, म्हणून हे आईच्या कामाचं प्रशस्तिपत्र असणार असं त्यांना वाटत होतं. मला मात्र फोटोतली गोलसर मोठी अक्षरं, दोन स्तंभ आणि एकमेकांना चिकटलेले शब्द पाहून झोप लागली नव्हती. अंदाज खरा असेल तर ते लॅटिन बायबलच्या हस्तलिखिताचं पान होतं, बाराशे वर्षांपूर्वीचं. आणि ते कागदाचं नव्हतं, वासराच्या कातड्याचं होतं. लॅमिनेशनच्या तापल्या रुळांत कातडं आक्रसतं. ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

सात वेळा फोन लावला. उचलला नाही.

देवळीची बस मिळाली. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं, मधूनच बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं). एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. निम्म्या वाटेत टायर बसला. कंडक्टर शांतपणे म्हणाला, “अर्धा घंटा लागन.” मी रस्त्यावर उभी राहून हात केला, तेव्हा वांग्यांच्या टोपल्यांनी भरलेला एक ऑटो थांबला. टोपल्यांची मालकीण सरकून बसली.

“काऊन (का) एवढी घाबरून राह्यली बाई? घरी कोणी बिमार आहे का?”

“नाही. एक जुनं पान जळेल म्हणून.”

तिनं मला नीट न्याहाळलं आणि चालकाला म्हणाली, “चालव लवकर. हिले घाई आहे.”

बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भाऊराव स्टुलावर मान खाली घालून बसले होते. सत्तरीचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. काउंटरवर प्लास्टिकच्या पाकिटात ते पान होतं. त्याचा एक कोपरा पापडासारखा वळून तपकिरी झाला होता.

“माह्याच हातानं केलं म्याडम,” ते म्हणाले.

दुकानाच्या मालकीणबाई, शोभाताई, मशीनपाशी उभ्या होत्या. “कोपरा आत गेला अन् वास आला. माह्या माहेरी ढोलकीले कातडं चढवतात. म्हटलं, हा तर कातड्याचा वास! उलटं फिरवून काढलं बाहेर.”

त्या नसत्या तर मी येऊन काही उपयोग नव्हता.

पंखा बंद करायला सांगितला. पिशवीतून बारीक सुरी काढली आणि प्लास्टिक कापायला बसले. घाम पानावर पडू नये म्हणून शोभाताई माझ्या कपाळाला रुमाल लावत होत्या. चिकटलेल्या कोपऱ्याला हात लावला नाही, त्याच्याभोवतीनं कापलं. अर्ध्या तासानं पान मोकळं झालं. चार ओळींची टोकं गेली होती. बाकी सगळं होतं.

“मायचं नाव आहे का त्याच्यात?” भाऊरावांनी विचारलं.

या प्रश्नाची मला रस्ताभर भीती वाटत होती. “नाही, सर. हे प्रशस्तिपत्र नाही. बायबलचं पान आहे.”

त्यांनी स्टूल पानाजवळ ओढलं. मग म्हणाले, “वाचून तर दाखवा.”

मी अडखळत अर्थ सांगत गेले. एका राजानं हुकूम काढला की परक्या जमातीत मुलगा जन्मला की मारायचा. दोन सुइणींनी तो ऐकला नाही. मुलं जगवली. राजानं जाब विचारला तर म्हणाल्या, आम्ही पोचायच्या आतच त्या बाया बाळंत होतात. “दोघींची नावं आहेत इथं. राजाचं नाही.”

“सुइणी?” भाऊराव उठून उभे राहिले. “माय दाई होती, म्याडम. त्या परदेशी बाईच्याच दवाखान्यात. अडल्या बाईसाठी बैलबंडीनं जाये.”

शोभाताईंनी डोळ्यांना पदर लावला. देणारीनं हे पान निवडूनच दिलं होतं.

दुपारी भाऊरावांच्या घरी भाकर, वांग्याची भाजी आणि सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) जेवले. मग मी संमतीचा अर्ज पुढे केला: पान दुरुस्तीसाठी पुण्याला नेण्याचा. भाऊरावांनी तो वाचून परत दिला.

“सही आज नाई करत. थोरली बहीण इकडल्याच तळेगावले आहे, वर्ध्याकडच्या. मायनं तिलेही दाईचं काम शिकवलं. आधी तिले दाखवतो.”

घराचं छप्पर पत्र्याचं होतं, बाहेर आग बरसत होती. मी खूप समजावलं. ते ऐकेनात, आणि मला हिसकावून नेण्याचा हक्क नव्हता. दोन टीपकागदांत पान ठेवलं, भिंतीतल्या थंड कोनाड्याची जागा दाखवली आणि रिकाम्या हातांनी गाडीत बसले.

पुण्यात चार दिवस कामात चित्त नव्हतं. डोळे मिटले की तो वळलेला कोपरा दिसायचा. मी त्या पानाचं वय पाहत होते. भाऊरावांच्या घरी ते गेली कित्येक वर्षं आईच्या लुगड्यांत सुखरूप होतं, हे विसरले होते.

पाचव्या दिवशी फोन आला.

“बहिणीनं पाह्यलं, म्याडम. हात लावू नको म्हटलं तरी त्या दोघींच्या नावावरून बोट फिरवलंच तिनं. आता घेऊन जा.”

तिला हात का लावू दिला, असं मी त्यांना विचारलं नाही. लगेच तिकीट काढलं.