धाकटीच्या ट्रंकेतलं पुस्तक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. घरात छापलेलं म्हणजे पंचांग आणि पोथी. छापलेलंही खोटं असू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मेढ्याजवळच्या आमच्या घरी सांगलीची धाकटी जाऊ लग्न होऊन आली. सातवी पास. तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं वाचनालयाचं पुस्तक होतं. लपवलंय म्हणजे काहीतरी आहे, हे मी धरूनच चालले. ती पाण्याला गेली की मी अक्षर अक्षर लावून वाचायची.

त्यात एक शहर होतं. बसगाड्या, कारखाने, कचेऱ्या, सगळं आपल्यासारखंच. फक्त तिथं मंत्र चालायचा. यंत्राचा पट्टा मंत्रावर फिरायचा, कारकून फुंकर मारून कागद पुढं सरकवायचा. आणि एक बाई मंतरलेल्या दोऱ्यानं दुसरीच्या नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावते, नि तो घराची वाट विसरतो.

तिथं मी थांबले. माझे मालक पलटणीत होते. मागच्या सुट्टीत त्यांच्या सदऱ्याचं बटण धाकटीनंच लावलं होतं, आणि ते गेल्यापासून तीन महिने पत्र नव्हतं.

मी पुस्तक सासूबाईंपुढं टाकलं. “आत्याबाई, हिला सांगलीला पोचवा. आजच.”

धाकटी रडली नाही. “आक्का, ती कादंबरी हाय. मनानं रचलेली.”

“मग लपवलीस कशाला?”

“तुमी चुलीत घालाल म्हणून.”

ते खरं होतं. घातलंच असतं.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या धाकटीला म्हणाल्या, “आदी वाच. काय हाय ते ऐकू दे. मग बघू कुणाला कुठं पाठवायचं.”

चार दुपारी धाकटी वाचत होती, आम्ही दोघी बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. कुठं काही गाळते का म्हणून मी तिच्या तोंडाकडंच बघत होते. सासूबाई मात्र रमल्या. “त्या कारकुनाला मेढ्याला धाडा की. आपला सातबारा तरी हलंल.”

बटणाचं पुढं काय झालं ते शेवटी कळणार होतं. शेवटची पानंच नव्हती.

“हिनंच फाडली,” मी म्हणाले.

“मला तसंच मिळालं. सांगलीत दुसरी प्रत आसंल.”

सासूबाईंनी टरफलं झटकली. “पोथी लावली की पुरी करायची, ही आपल्यात रीत हाय. ही गेली तर राहिलेलं वाचणार कोण? तू? चार ओळीला सांज करतीस.”

धाकटी राहिली. दुसरी प्रत कधीच मिळाली नाही.

महिन्याभरानं पत्र आलं. पलटण हलली होती, तिकडून टपाल निघत नव्हतं. ते पत्र मी धाकटीला वाचायला दिलं नाही. दिवस गेला, पण माझं मी लावलं.

पुढच्या सुट्टीत मालक आले. मी आधी ते बटण उसवलं, दोरा चुलीत टाकला आणि माझ्या हातानं पुन्हा लावलं.

धाकटी बघत होती. “आक्का, वाकडं लागलंय.”

“आसू दे,” मी म्हणाले.